ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपवर गेम चालवायचे असतील तर

भाच्याची बारावी संपली आणि त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसने जुने डेस्कटॉप विकायला काढले. त्यातला एक मी अडीच हजारांना उचलला. आत आय५-४५९० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. भाच्याने विचारलं, "मामा, यावर जीटीए चालेल ना?" मी म्हणालो, "चालेल की." हे दोन शब्द मला चार रविवारांना आणि एका खोट्या ग्राफिक्स कार्डाला पडले.

आता ते मशीन जीटीए ५ व्यवस्थित चालवतं. पण मी सगळी कामं उलट्या क्रमाने केली होती. आधी कार्ड विकत घेतलं, मग कॅबिनेट उघडलं, आणि मशीन नक्की कुठे अडतंय हे सगळ्यात शेवटी तपासलं. तुम्ही तसं करू नका. खालच्या क्रमाने गेलात तर निम्म्या वेळेत आणि निम्म्या खर्चात सुटाल.

१. मशीन कष्ट घेण्याच्या लायकीचं आहे का ते बघा

विकणारे "आय५ आहे", "आय७ आहे" एवढंच सांगतात. त्याला काही अर्थ नाही. पहिला आय७ २००८ साली आला होता, तोही आय७च. पूर्ण नंबर विचारा. आय५-४५९० मधला पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी. आय५-२४०० असेल तर दुसरी. मशीन चालू असेल तर 'धिस पीसी'वर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, नंबर तिथेच दिसतो.

माझा हिशेब असा. कोअर टू ड्युओ हा आणखी जुना प्रोसेसर असेल तर त्यावर एक रुपयाही घालू नका, २०१० च्या आधीचे गेम खेळा आणि खूश राहा. दुसरी-तिसरी पिढी घरात फुकट पडली असेल तर ठीक, विकत घेऊ नका. चौथ्या पिढीच्या आय५ आणि आय७ पासून पुढे पैसे घालायला हरकत नाही. यामागे कारण आहे. एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी) इंटेलने चौथ्या पिढीत आणला आणि काही नवे गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. आयकॉनवर क्लिक करायचं, एक क्षण काळी खिडकी दिसते आणि गायब. लोक ड्रायव्हर (भागांना विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) बदलत बसतात आणि दोष प्रोसेसरचा असतो. त्याच काळातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्येही हा संच नाही, त्यामुळे "चौथ्या पिढीचंच आहे" म्हणून ते गळ्यात मारलं जातंय का ते बघा.

दुसरी गोष्ट कॅबिनेटची. उभं, रुंद, ज्याला टॉवर म्हणतात तेच घ्या. टेबलावर आडवं झोपणारं बारकं कॅबिनेट दिसायला छान, पण त्यात फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं. अशी कार्डं मोजकी असतात आणि महाग मिळतात.

तिसरी गोष्ट बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डावरच्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड. ऑफिसच्या मशीनला तो हमखास असतो आणि ज्याने टाकला तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. ताब्यात घ्यायच्या आधी मशीन चालू करून बायोसमध्ये शिरता येतं का ते तिथेच बघा.

२. जवळ काय काय हवं

- फुलीच्या खाचेचा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला चुंबक असलेला
- रंगाचा एक इंची कोरा ब्रश
- थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि त्यावरच्या ठोकळ्यामध्ये लावायची) छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं सुती फडकं
- पांढरं खोडरबर (हसू नका, पुढे लागतं)
- सीआर२०३२ चा नाण्याएवढा सेल, घड्याळवाल्याकडेही मिळतो
- १६ जीबीचा पेन ड्राइव्ह, विंडोज किंवा लिनक्स (विंडोजऐवजीची फुकट सिस्टिम) टाकायला
- मोबाइल, प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो घ्यायला

कागदपत्रांत पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर. ऑफिसकडून घेत असाल तर मशीन विकल्याचं साधं पत्र तरी घ्या. सुटे भाग दुकानातून घेताना "टेस्टिंग वॉरंटी" किती दिवसांची ते बिलावरच लिहून घ्या. तोंडी सात दिवस सांगितलेले तिसऱ्या दिवशी संपतात.

३. खर्च करण्याआधी मोजा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि मी नेमकी हीच गाळली होती.

चालवायचा आहे त्यातल्या त्यात हलका गेम टाका आणि तो चालू असताना कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स' या टॅबमध्ये चार-पाच आलेख दिसतील. कोणता शंभराला टेकलाय ते बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर असेल आणि गेम दर दहा सेकंदांनी गोठत असेल तर हार्ड डिस्क मरायला टेकलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. त्यात पिवळी खूण दिसली की आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा, गेमचं नंतर बघू.

मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम वाढवा. प्रोसेसर १०० वर आणि ग्राफिक्स ५०-६० वर असेल तर नवीन कार्डाने काहीही फरक पडणार नाही. ग्राफिक्स १०० वर आणि बाकी सगळं निवांत असेल, तरच कार्डाचा विचार.

याशिवाय तापमान. एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर प्रोसेसरचं तापमान दाखवतं. या इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचले की स्वतःला वाचवायला ते आपला वेग उतरवतात. आमच्याकडे गेम पहिली चार मिनिटं लोण्यासारखा चालायचा आणि मग रडायला लागायचा. चार मिनिटांनी रडणारं मशीन म्हणजे तापलेलं मशीन, हे आता पाठ झालंय.

हे सगळे आकडे वहीत लिहून ठेवा. प्रत्येक बदलानंतर तोच गेम, तीच जागा, तेच आकडे. नाहीतर "मला वाटतं जरा बरं चालतंय" यातच अडकाल.

४. साफसफाई आणि पेस्ट

मेन स्विच बंद, वायर काढलेली, आणि मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावून घ्या. गॅलरीत जा. घरात उघडलंत तर घरच्यांची बोलणी खाल.

आमचं मशीन मी उघडलं तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली करड्या धुळीचा थर बसला होता. ब्रशने तो निघेना. चिमटीत धरून ओढला तर अख्खा निघाला, गोधडीचा तुकडा असावा तसा, पंख्याच्या पात्यांचे ठसे उमटलेला. इतकी वर्षं ते मशीन नाकावर चादर घेऊन झोपलं होतं.

धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या झोताने ते गरगरा फिरू देऊ नका. मग पंखा आणि त्याखालचा अॅल्युमिनियमचा ठोकळा काढा. जुनी पेस्ट वाळून पापुद्र्यासारखी झालेली असते, अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ती पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून ठोकळा सरळ खाली दाबा. स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर दुसरी उचलली जाते.

आमचं तापमान ९८ वरून ७१ वर आलं. खर्च पेस्टचा तेवढा.

हातासरशी मदरबोर्डावरचा (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी) नाण्याएवढा सेल बदलून टाका. मशीनचं घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर हाच सेल संपलेला असतो. तारीख चुकीची असली की गेमचं लॉगिनही अडतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

५. एसएसडी आणि रॅम

जुन्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला शंभरएक एमबी. साधी साटा एसएसडी (चिपवर साठवणारी, साटा वायरीने जोडायची डिस्क) पाचशेच्या आसपास जाते, आणि बारीकसारीक फायली शोधण्यात तर तुलनाच नाही. एसएसडीने फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) वाढत नाहीत, हे आधीच सांगतो. पण गेम उघडायला लागणारा वेळ आणि मध्येच गोठणं, दोन्ही जातं. विंडोज आणि एक-दोन मोठे गेम एसएसडीवर, बाकी सगळं जुन्या डिस्कवर. जागा हिशेबाने घ्या, काउंटर-स्ट्राइक २ एकटाच ८५ जीबी मागतो. २५६ जीबी घेऊन मी पस्तावलो.

रॅम एकच पट्टी असेल तर दुसरी घालाच, शक्यतो तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. कार्ड नसेल आणि आतल्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. ८ जीबी किमान, १६ जीबी सुखाची.

डीडीआर३ (या पिढीच्या मशीनची रॅम) घेताना एक सापळा आहे. ऑनलाइन एकदम स्वस्तात ८ जीबीची पट्टी दिसते आणि वर्णनात खाली बारीक अक्षरांत "फक्त एएमडी बोर्डसाठी" लिहिलेलं असतं. ती इंटेलच्या बोर्डवर चालत नाही. मशीन सुरू होत नाही, नुसतं टीं टीं ओरडतं. मात्र चांगली पट्टी लावूनही ओरडत असेल तर ती काढून सोनेरी दात खोडरबराने हलकेच घासा, चुरा झटका आणि 'कट्' आवाज येईपर्यंत परत दाबा. दहातल्या सात वेळा एवढ्यावर भागतं.

आणि हो, विंडोज ६४ बिट आहे ना? ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरता येत नाही. आमच्या मशीनवर तेच होतं. मी ८ जीबी लावली आणि अर्धी वाया.

६. विंडोज कोणतं टाकायचं

थोडक्यात सांगतो. स्टीमने (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) विंडोज ७ आणि ८ चा पाठिंबा १ जानेवारी २०२४ पासून सोडला, म्हणजे ते गेले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. आडवाटेने जुन्या मशीनवर टाकता येतं, पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू होऊ देणारी बायोसची सोय) दोन्ही मागतो. चौथ्या पिढीच्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम असलं तरी १.२ असतं. खटपट करून ११ टाकायचं आणि ज्याच्यासाठी टाकलं तोच गेम दार उघडत नाही, असं होतं.

आम्ही शेवटी दोन्ही ठेवलं. गेमसाठी विंडोज १०, त्यात बँकेचं काहीही नाही. बाकी कामासाठी लिनक्स मिंट. काउंटर-स्ट्राइक २ लिनक्सवर थेट चालतो, व्हॅलोरंट अजिबात नाही.

७. ग्राफिक्स कार्ड: इथे घाई करू नका

कार्ड घेण्याआधी एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघा. कॅबिनेटमधल्या त्या लोखंडी डब्यावर लेबल असतं. त्यावर मोठ्या अक्षरात किती वॅट लिहिलंय ते सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाचा. १२ ला त्या आकड्याने गुणा. "४५० वॅट" लिहिलेल्या एका स्वस्त डब्यावर १२ व्होल्टला १४ अँपिअर निघाले, म्हणजे १६८ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जेवतात ते या १२ व्होल्टच्याच ताटात.

मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस-मशीनचा एसएमपीएस बहुधा प्रामाणिक असतो, पण त्याचं नातं फक्त त्याच बोर्डाशी. बाजारातल्या डब्याला २४ पिनांचा मोठा कनेक्टर असतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० ला ८ पिनांचा लागतो, एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ ला ६ पिनांचा. त्यामुळे "डबा बदलू, दोन हजारांत होईल" हे गणित जमत नाही. जोडवायर मिळतात, पण त्या नक्की कोणत्या मॉडेलच्या ते दोनदा तपासून घ्या.

यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे वेगळी वायर न लागणारं कार्ड. बोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, तेवढ्यात भागणारं घ्यायचं. सेकंडहँड बाजारात पुढची नावं ऐकाल:

- जीटीएक्स ७५० टीआय, २ जीबी. २०१४ चं. फुकट मिळालं तर घ्या.
- जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. २०१६ चं. अजून कामाचं, पण नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवले.
- जीटीएक्स १६५०, ४ जीबी. २०१९ चं. परवडत असेल तर हेच. मात्र याच्या काही मॉडेलांना सहा पिनांची वेगळी वायर लागते. कार्डाच्या कडेला सॉकेट दिसलं तर खाली ठेवा.
- आरएक्स ६४००, ४ जीबी. वीज कमी खातं, पण बोर्डाशी फक्त चार पदरांनी (डेटाच्या वाटांनी) बोलतं. जुन्या बोर्डावर ते पदरही हळू असतात, त्यामुळे पूर्ण जोर लागत नाही.
- जीटी १०३०. याचे दोन प्रकार आहेत, जीडीडीआर५ आणि डीडीआर४. खोका एकसारखा, नाव तेच, पण डीडीआर४ वाल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीऐवजी १६.८ जीबी. स्वस्त वाटतं म्हणून हेच उचललं जातं.

सहा पिनांच्या कार्डासाठी साटाच्या वायरीवरून जोड काढून देणारे दुकानदार भेटतील. नको. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतचाच असतो. प्लास्टिक वितळलं की वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आता माझ्या खोट्या कार्डाची गोष्ट. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून "१०५० टीआय ४ जीबी, नवीकोरी" मागवलं. बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त, तिथेच शंका यायला हवी होती. लावलं, विंडोजने नावही बरोबर दाखवलं. गेम मात्र दोन मिनिटांत बंद पडायचा. भाच्याने जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं, तर नावाच्या आधीच इंग्रजीत 'फेक' लिहून आलं. २०१० च्या आसपासच्या कार्डाची बायोस बदलून वर नवं नाव चिकटवलं होतं. खोका फोडताना आम्ही व्हिडिओ काढला होता म्हणून पैसे परत मिळाले. तेव्हापासून घरात पाव किलो स्क्रू आले तरी भाचा व्हिडिओ काढतो.

म्हणून शक्य असेल तर समोरासमोर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, किंवा तुमच्या गावातला रिपेअरवाला. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जा आणि त्यांच्याच मशीनवर लावून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर पुढचं दुकान.

८. कार्ड लावलं, तरी गेम तसाच

कार्ड बदलून आल्यावर भाचा तासाभराने हताश होऊन म्हणाला, "मामा, काहीच फरक नाही." मी मागे वाकून बघितलं. मॉनिटरची वायर अजून बोर्डाच्याच सॉकेटला होती. कार्ड बिचारं बिनकामाचं फिरत होतं. वायर कार्डाला लावायची, कॅबिनेटच्या मागे खाली जिथे आडव्या पट्ट्या असतात तिथे.

त्यात जुना मॉनिटर असला तर पुढची अडचण. त्याला निळ्या तोंडाची व्हीजीए वायर असते आणि यातल्या बहुतेक कार्डांना ते सॉकेटच नाही. डीव्हीआयला लावायचा पन्नास रुपयांचा जोड इथे चालत नाही, कारण नव्या कार्डाच्या डीव्हीआयमधून तसला सिग्नल येतच नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत सर्किट असलेला कन्व्हर्टर घ्या.

पडदा पूर्ण काळाच राहिला तर बायोस अपडेट करून बघा. जुन्या बोर्डांना नंतर आलेलं कार्ड ओळखायला ते लागू शकतं. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड जातो, तेव्हा यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ बघून करा.

९. सेटिंग

जुन्या मॉनिटरला नावं ठेवू नका. १३६६ बाय ७६८ किंवा १६०० बाय ९०० चा पडदा म्हणजे कार्डाला कमी ठिपके रंगवायचे. फुल एचडीच्या हट्टाने तेच मशीन गुडघे टेकतं.

गेममध्ये सगळ्यात आधी सावल्या कमी करा, मग गवत आणि गर्दी. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र ४ जीबीचं कार्ड असेल तर मध्यमवर ठेवता येतं, त्याचा प्रोसेसरवर बोजा नाही. आमच्या आय५ ला चारच कोअर आहेत. शहरात गाडी भरधाव सोडली की चारही १०० वर जातात. गर्दीचा पट्टा अर्ध्यावर आणला तेव्हा ते धक्के थांबले. फ्रेम ६० ऐवजी ४५ वर बांधून टाकल्या तर खेळ आणखी एकसारखा वाटतो.

विंडोजमधली 'पॉवर'ची निवड 'हाय परफॉर्मन्स' करा, आणि चालू होताना आपोआप उघडणारे दहा कार्यक्रम बंद करा. "गेम बूस्टर" नावाचं काहीही टाकू नका.

१०. कुठे थांबायचं

आमचा एकूण खर्च मशीन धरून साडेबारा हजार झाला. यापुढे त्याच खाचेत बसणारा आय७-४७९० मिळतो, पण मी नाही म्हणालो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला लागला की हात आवरता घ्यायचा. पुढे नवं मशीन आलं तर एसएसडी आणि कार्ड त्यात जाईल. डीडीआर३ रॅम, प्रोसेसर आणि तो वेगळ्या पिनांचा एसएमपीएस जाणार नाही. खर्च वाटताना हे डोक्यात ठेवा: जे पुढे बरोबर येणार त्यावर जास्त, जे मागे राहणार त्यावर कमी. भाच्याला हे पटलेलं नाही. तो लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या मित्राकडे आय७ चा भाव विचारायला सांगून आलाय.